सांगून उठायचं

९ ऑक्टोबर, रविवार

प्रिय बटण्या,

आधी आशीर्वाद घे, मग कान पुढे कर. पिळायचा आहे.

इकडे सगळे खुशाल. आईचा गुडघा कुरकुरतो, आणि बाबा स्वतः कधी कुरकुरत नाहीत म्हणून त्यांच्या वाटचंही आईच कुरकुरते. माझं चष्म्याच्या दुकानातलं काम नेहमीसारखं चाललंय. दिवसभर लोकांना विचारते, "हे स्पष्ट दिसतंय की आधीचं?" आणि सगळे म्हणतात, "दोन्ही सारखंच." तू फोन बंद करून बसलास, म्हणून हे पत्र. शाळेत परीक्षेला 'धाकट्या भावास पत्र लिहा' असा प्रश्न यायचा, तेव्हा मी तुला व्यायामाचं महत्त्व पटवून द्यायचे. त्यानंतर पेन हातात घेतलं ते आजच.

तुझा पत्ता तुझ्या गेमिंग टीमच्या घरात स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी दिला. तू पार्सलच्या गोदामात कामाला लागलास, हेही त्यांनीच सांगितलं. "पोरगं ताट तसंच टाकून गेलं हो," म्हणाल्या. हे मी आईला सांगितलेलं नाही.

शनिवारी व्हिडिओ गेम खेळणारी मंडळी अजून येतात. काल कंडक्टर ड्यूटीवरून थेट आला, गणवेशातच, आणि पहिल्याच डावात सिस्टरकडून मार खाल्ला. ती बिचारी वॉर्डातून दमून आलेली, तरी त्याला पडद्यावर उचलून उचलून आपटत होती. बाबा खालून ओरडले, "अरे, माझं छत पाडाल!" तू असताना ओरडायचे तसेच.

खोलीही तशीच आहे. बाबांच्या दुरुस्तीच्या दुकानामागून जाणारा तो अंग चोरून चढायचा जिना, वर पोचलं की सोल्डरचा वास, आणि भिंतीला लावलेले बाबांचे डबडे टीव्ही. दुरुस्तीला टाकून 'उद्या नेतो' म्हणून गेलेल्या लोकांचे. त्यांचा उद्या काही उजाडला नाही आणि आपली चैन झाली. नव्या चपट्या टीव्हीवर बटण दाबलं की चित्र किंचित रेंगाळून हलतं, या डबड्यांवर बोट आणि ठोसा एकदमच, म्हणून लांबलांबून लोक आपल्याकडे खेळायला यायचे तेव्हा बाबांच्या चेहऱ्यावर काय तेज असायचं! एरवी लोक त्यांच्याकडे मिक्सर आणि पंखेच आणतात. "मी आयुष्यभर ज्याला दुरुस्ती म्हणत होतो, ती ही पोरं शर्यतीसाठी वापरतात," असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे. गिऱ्हाईक पंखा घेऊन पळायचं.

तुला आठवतं का रे, हे सगळं सुरू कसं झालं? तू एवढासा होतास. सगळी बटणं एकदम दाबायचास, म्हणून तर तुझं नाव पडलं. मी तुला रोज हरवायचे आणि तू रोज टेबलाखाली जाऊन बसायचास. एकदा बाबा वर आले, तुझे फक्त पाय दिसत होते. त्यांनी मला विचारलं, "जिंकलीस?" मी म्हटलं, "हो!" ते म्हणाले, "मग कशी जिंकलीस ते त्याला सांग. सांगितल्याशिवाय उठायचं नाही. नाहीतर टीव्ही बंद." मला असला राग आला होता! माझी कष्टानं शोधलेली युक्ती मी तुझ्या त्या दोन पायांना सांगायची? पण सांगितली. मग पाय हलले, मग तू बाहेर आलास, आणि दुसऱ्या दिवशी माझा तोच डाव अडवलास.

पुढे मंडळी जमायला लागली तेव्हा तोच नियम झाला. एक डाव, जो जिंकेल त्यानं सांगून उठायचं. बाहेरचे आधी नाक मुरडायचे. मग वर्षभरात त्यांचाच खेळ असा काही सुधारायचा की तेच नव्यांना दटावायचे, "अहो, सांगून उठा!"

स्पर्धेच्या अंतिम सामन्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण मग हे पत्र म्हणजे व्यायामाचं महत्त्वच झालं असतं.

आम्ही सगळे वरच्या खोलीत बघत होतो. आईसुद्धा, गुडघा धरून जिना चढून. तू पहिले दोन डाव काय खेळलास! मागे उडी मारून पकडायचं ते तुझं खास, समोरच्याला काही सुचेना. आणि मग दुसरा डाव संपल्यावर तू त्याच्याकडे वाकलास, त्याच्या एका कानावरचा हेडफोन बाजूला केलास आणि बोलायला लागलास. हातानं उडीची खूणसुद्धा करून दाखवलीस. मंचावर, एवढ्या लोकांसमोर, तीन डाव शिल्लक असताना! कंडक्टर म्हणाला, "मेलो. हा सांगतोय." आमच्या खोलीत कुणाला काही समजावून द्यावं लागलं नाही. इथे डाव संपला की तोंड उघडतं, एवढ्या वर्षांचं वळण. एरवी तुझा कोच शेजारी बसून तुझा खांदा दाबून ठेवायचा. अंतिम सामन्यात तुम्हा दोघांनाच वर बसवलं आणि घाबरलेल्या माणसाचे हात-तोंड जे वर्षानुवर्षं करत आलेत तेच करतात.

पुढचे तिन्ही डाव त्यानं घेतले. लोकांनी तुला विकला गेलेला म्हटलं, टीमचा खर्च उचलणाऱ्या खुर्च्यांच्या कंपनीनं तुझा शर्ट काढून घेतला, तुझ्या फोनवर जे नाही ते आलं. मला सगळं माहीत आहे. पण बाबा त्या दिवशी काय म्हणाले ते तुला माहीत नाही. शेवटचा डाव संपल्यावर ते म्हणाले, "पोरानं सांगितलं मात्र नीट. समोरच्याला एकदा सांगून कळलं." आणि चष्मा पुसत खाली गेले.

स्पर्धेच्या चौकशी समितीचा निकाल तुला कळलाच असेल. तू काही गैर केलेलं नाही, असं त्यांनी जाहीर केलं. तेव्हा तो विषय संपला. खुर्चीवाल्या कंपनीचं आपल्या खोलीबाबत काहीतरी चाललंय, मोठ्या लोकांना वेळ लागतो. तू त्यात डोकं घालू नकोस.

घरी ये. सुट्टी मिळत नसेल तर आजारी पड, लहानपणी किती छान पडायचास.

तुझी
ताई


३० ऑक्टोबर, रविवार

प्रिय बटण्या,

पत्र मिळालं. चार ओळी, त्यातली एक 'मी बरा आहे' आणि एक 'काळजी करू नये'. उरलेल्या दोन ओळींत दोन प्रश्न. खोलीत खुर्च्या आल्या का, आणि समितीनं एकाएकी विश्वास कसा ठेवला. तू असाच. लहानपणी सगळी बटणं दाबायचास, आता नेमकं नको तेच दाबतोस.

खुर्च्या आल्या नाहीत. येणारही नाहीत.

तुला एवढंच ठाऊक आहे की कंपनी आपली खोली प्रायोजित करणार होती. त्यात मीही होते, हे तुला सांगायचं मी ठेवून दिलं होतं. जिंकून घरी आलास की तोंडावर सांगायचं आणि तुझी मजा बघायची असा माझा बेत होता. त्यांना शनिवार सांभाळायला पगारी माणूस हवं होतं. स्पर्धा भरवायच्या, नवीन मुलं तयार करायची, टीमसाठी निवडायची. खुर्चीवाले साहेब मला म्हणाले, "हे तुम्ही करताच आहात, फक्त आता ते तुमचं काम असेल." बटण्या, मी हुरळून गेले रे. चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंना सांगूनही टाकलं की मी सोडतेय. त्यांनी मला निरोपाची फुलदाणी दिली.

साहेब माणूस वाईट नव्हता. बाबांशी जुन्या पिक्चर ट्यूबवर इतका वेळ बोलत बसला की आईनं दुसऱ्यांदा चहा टाकला. तुझा सामना झाल्यावर तो पुन्हा आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "समिती तुम्हाला विचारेल, तुमच्याकडे खरंच अशी पद्धत आहे का. तुम्ही एवढंच म्हणा की ज्याची त्याची सवय असते. यात खोटं काहीच नाही." मी विचारलं, "आणि पद्धत आहे असं म्हटलं तर?" तो म्हणाला, "ताई, आमची टीम जी युक्ती महिनोन्‌महिने बसवते, ती समोरच्याला सांगायला तुमच्या खोलीत शिकवतात, हे मी वर कसं पटवून देऊ? अशा खोलीवर कंपनी आपलं नाव कसं लावेल?"

त्याच्या जागी त्याचं बरोबर होतं. मी त्याच्याशी भांडलेसुद्धा नाही.

समितीनं व्हिडिओ कॉलवर विचारलं. दिवस शनिवारच होता, वर डाव रंगात आला होता. त्यांच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "जिंकणारा स्वतःची युक्ती आपणहून सांगतो? यावर कुणी का विश्वास ठेवावा?" मी फोन उचलला, जिना चढले आणि फळीवर उभा करून ठेवला. कंडक्टरला नेमकं त्याच वेळी सिस्टरला हरवायचं सुचलं. आणि तो लागला सांगायला, "तुम्ही ना, पडद्यावरचं तुमचं रक्त कमी झालं की उगाच पुढे येता." सिस्टर म्हणाली, "हो हो, कळलं, दरवेळी तेच सांगतोस!" मग दुसऱ्या टीव्हीवर, मग तिसऱ्या. कुणाला ठाऊकच नव्हतं की कुणी बघतंय. अध्यक्षबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातल्या मुलीनं काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पुन्हा सांगायला सांगाल का?" तेव्हाच माझा जीव भांड्यात पडला.

निकाल तुझ्या बाजूनं लागला आणि दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला. माझं अभिनंदन केलं आणि मागे हटत असल्याचं सांगितलं, दोन्ही एकाच दमात.

मी मालकीणबाईंकडे परत गेले. फुलदाणीही घेऊन गेले होते, तर त्या म्हणाल्या, ठेव गं. मग मी दुकानाच्या मागच्या बाजूला, काचा घासायच्या यंत्राशेजारी बसून रडले. तुझ्यासाठी नाही, स्वतःसाठी. मला ती नोकरी हवी होती. लोक विचारतात, "अजून ते व्हिडिओ गेम चालू आहे का तुमचं?" तेव्हा मी हसून 'हो' म्हणते आणि मला आतून फार लागतं. एकदा तरी कुणीतरी आपल्या शनिवारला काम म्हणावं असं वाटायचं. म्हटलं, आणि मग परत घेतलं.

आता तू म्हणशील, माझ्यामुळे गेलं. म्हणूनच मी सांगत नव्हते. पण ते तुझ्यामुळे गेलेलं नाही. मी वर जाऊन फोन फळीवर ठेवला म्हणून गेलं. ते माझं आहे, त्यातलं काडीचंही तू उचलायचं नाहीस. मला पुन्हा विचारलं तर मी पुन्हा जिना चढेन, आणि पुन्हा रडेन.

आणखी एक गोष्ट आहे. ही मात्र सर्वस्वी तुझी.

मागचं पत्र टाकलं त्याच्या पुढच्या शनिवारी एक उंच, किडकिडीत मुलगा दुकानात आला. बाबांना वाटलं पंखा आणलाय. तो म्हणाला, "सांगून उठतात ते इथेच का?" मी वरून डोकावले आणि बघते तर काय, तोच! तुला हरवलेला. टीमचा शर्ट नव्हता, साधाच होता. कंडक्टर उठून उभा राहिला, मला वाटलं आता हा काहीतरी बोलणार. पण त्या मुलानंच आधी विचारलं, "तो आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग कधी भेटेल?"

"का?"

तो जिन्याच्या वरच्या पायरीवरच उभा होता, आत येऊ की नको अशा विचारात. म्हणाला, "मंचावर तो काय करतोय ते मला कळलंच नाही. मला वाटलं, चिडवतोय. घरी जाऊन पुन्हा पाहिलं तेव्हा कळलं की त्यानं अगदी नीट समजावलं होतं. मग निकाल आला, त्यात तुमची पद्धत वाचली. पण शेवटी जिंकलो मी. म्हणजे सांगायचं माझं राहिलंय."

सिस्टरनं त्याला हाताला धरून आत बसवलं.

तेव्हापासून तो दर शनिवारी येतो. लांबून येतो, गाडी बदलून. दुसऱ्या कुणाला हरवलं तर त्याला सांगून उठतो, अगदी व्यवस्थित. असं सांगायला त्याच्या करारात बंदी आहे, हेही त्यानंच एकदा सांगितलं आणि निवांत चहा प्यायला. पण तुझ्या त्या तीन डावांत त्यानं काय हेरलं, ते काढून घ्यायला मी जंग जंग पछाडलं, लाडीगोडी लावली, आईचा वशिला लावला. ढिम्म. "ज्याला हरवलं त्यालाच सांगणार," म्हणतो. काल निघताना त्यानं बाबांना विचारलं, "येईल ना तो?" बाबा म्हणाले, "येईल." आपल्या बाबांनी तुझ्या वतीनं कधी कुणाला शब्द दिलेला मला तरी आठवत नाही.

आपल्याकडे जिंकणाऱ्याला एक काम असतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण हरणाऱ्यालाही एक असतं, बटण्या, त्याबद्दल कुणी कधी बोललं नाही कारण तू ते अगदी लहानपणापासून बिनबोभाट करत आलास. समोर बसायचं आणि ऐकून घ्यायचं. तेवढं एक तुझं राहिलंय. गोदामाला काय सांगायचं ते सांग आणि ये.

शनिवारी खालचं दार उघडं ठेवणारी,
ताई