टायरवरचे शेवटचे दोन आकडे

बाबा, काल बाजारात एका अनोळखी माणसाच्या गाडीपाशी मी वाकून उभी होते. त्याने विचारलं, "काही हरवलं काय, बाई?" मी म्हटलं, "टायर लय जुने झाले भाऊ, बदलून घ्या." तो हसला. "एवढी नक्षी बाकी हाय, अन् जुने कायचे?" मग मी त्याला आकडे दाखवले, समजावून सांगितलं. तुमचे जावई गेल्यापासून हे असंच चाललं आहे. गाडी उभी दिसली की माझी मान आपोआप खाली जाते.

चौथीत शाळा सुटली तेव्हा अमडापूरच्या रस्त्यावरच्या आपल्या पंक्चरच्या दुकानात मी बसू लागले. तुम्हाला अक्षर येत नव्हतं. टायर माझ्यापुढे आडवा टाकून तुम्ही म्हणायचात, "वाच व माय, काय लिवलं." मी वाचायचे. एकशे पंचावन्न, ही रुंदी. तिरप्या रेघेपुढे ऐंशी, म्हणजे रुंदी शंभर धरली तर उंची ऐंशी. मग आर, आणि तेरा, हे आतल्या रिमचं माप. इंग्रजी अक्षरं मी आधी रबरावर ओळखली, पुस्तकात नंतर. शेवटी लांबट गोलातले चार आकडे. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन साल. "रबर उभ्या उभ्या म्हातारं होते," तुम्ही म्हणायचात, "चाललं नाही तरी."

एकदा एकजण नवा म्हणून घेतलेला टायर बसवायला आला. मी चार लोकांत मोठ्याने म्हणाले, हा तर पाच वर्षांचा आहे. तो तोंड पाडून निघून गेला. तुम्ही हातातला पाना खाली ठेवला. "लोकाच्या खुशीत माती कालवतं काऊन व? तोंड बंद ठेवत जाय." संध्याकाळी रद्दीतलं एक पुस्तक आणून माझ्या उशाशी ठेवलंत. माफी तुम्हाला तशीच मागता यायची.

लग्न होऊन मी जळगाव जामोदला आले आणि वर्षभरात तुम्ही गेलात. पुढे यांनी शेगाव स्टेशनवरून भाविक न्यायला जुनी व्हॅन घेतली. ती कुणाच्या तरी गोठ्यात वर्षानुवर्षं उभीच होती, म्हणून टायरची नक्षी कोरी दिसत होती. पूजेच्या दिवशी सगळं घर अंगणात होतं. मी चाकांना हळदकुंकू लावायला वाकले आणि कुंकवाच्या बोटाखालीच ते आकडे आले. टायर अकरा वर्षांचे होते. सासरे नारळ फोडत होते, नणंद पेढे वाटत होती. मी चारही चाकांना कुंकू लावलं आणि उठले.

वैशाखात शेगावहून रिकामी गाडी घेऊन येताना पुढचा टायर फुटला. हे एकटेच होते, त्यातच गेले. लोक म्हणाले, गाडी जोरात असेल. कोणी म्हणालं, नशीब. मी मात्र मनात तुमच्यावर राग धरला. तुम्ही त्या दिवशी रागावला नसता तर मी बोलले असते, असं स्वतःला सांगत राहिले. आठ वर्षं सांगितलं.

पण ते खरं नाही, बाबा. पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे गाडी पुसत होते. अंगणात आम्ही दोघंच. म्हणाले, "तू टायरवाल्याची पोर. सांग बरं, कसे हायेत?" मी त्यांच्याकडे पाहिलं. इतका खूश माणूस मी त्या घरात पहिल्यांदाच बघत होते. वाटलं, धंदा जरा बसू दे, मग सांगू. "चांगले हायेत," मी म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

तुम्हाला आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवायचे. हे पत्रही मघाशी तुमच्यासाठी मोठ्याने वाचायला घेतलं, पण "चांगले हायेत"च्या अलीकडेच थांबले.