तळाची मूठ

गोरेगाव,
माघ महिना, १९४६

प्रिय रामकिशन,

संक्रांतीचं तुझं पत्र पोचलं. हैदराबादेतली थंडी, खानावळीतली पातळ डाळ, साहेबांची तुझ्यावरची मर्जी, सगळं वाचलं. तिळगूळ पाठवला नाही म्हणून रुसला असशील. तीळ भाजून ठेवले होते, पण लाडू वळायला मन झालं नाही.

आई गेल्यावर तू माझं बोट धरून बाजारात यायचास. पोत्याच्या तोंडाशी व्यापारी चांगलं धान्य ठेवतो, म्हणून वरची ओंजळ बघून कधी घ्यायचं नाही, हे मीच तुला शिकवलं. कोपरापर्यंत हात घालून पोतं ढवळायचं, मग मधली, कडेची, तळाची मूठ काढायची. तुझा चिमुकला हात तळापर्यंत पोचायचा नाही, तर तू रडायचास. पुढे कॉलेजातून तूच लिहिलंस की अक्का, आमचे प्रोफेसर महिनाभर तुझं पोतंच शिकवतायत, फक्त नाव मोठं दिलंय. ते पत्र मी शेजारणींना किती वेळा वाचून दाखवलं असेल.

म्हणून लेव्हीसाठी, म्हणजे सरकारला सक्तीने घालायच्या धान्यासाठी, गावाचं पीक ठरवायला तू आलास तेव्हा मी सगळ्यांत पुढे होते. एकशे बारा रानं, त्यातली आठच निवडायची, प्रत्येकात चार खुंट्या ठोकून तेवढा तुकडा कापायचा, मळून तोलायचा आणि आठांवरून गावाची सरासरी काढायची. तांड्यावरच्या धर्मसिंगला पटेना. "आठ रानं बघून आमचं पोट कसं ठरवता?" म्हणाला. मी त्याला पोतं समजावलं. कोणतं रान कापायचं ते साहेबाच्या मनावर नाही, चिठ्ठीवर आहे, म्हटलं. पारावर घागरीत एकशे बारा चिठ्ठ्या पडल्या. त्या मनकर्णाबाईनंच, म्हणजे मीच, काढाव्यात, असं तांडाच म्हणाला. आठांतल्या चार चिठ्ठ्या माळावरच्या, तांड्याच्या निघाल्या. धर्मसिंग तेव्हा पहिल्यांदा हसला.

कापणीच्या दिवशी तू दुपारीच घरी आलास. मी पुरण घातलं होतं. तुझ्या बुटांना माळाची तांबडी माती नव्हती, हे मी पाहिलं होतं. काम झटपट करतो पोरगा, एवढंच मनात आलं आणि आणखी एक पोळी वाढली.

सरासरी आली एकरी सात मण. लेव्ही त्याच हिशेबाने लागली. माळावर पिकलं होतं एकरी तीन मण, त्यातले दोन सरकारी गाडीत गेले. गेल्या आठवड्यात पारूबाई, धर्मसिंगची बायको, दारात येऊन उभी राहिली. "बाई, आमच्या रानात कुनी विळा घेऊन आलंच न्हाई. मंग आमची जवारी मोजली कवा?" मी तिलाच खोटं पाडलं. तुझ्यासाठी, रामकिशन. मग तिच्याबरोबर माळावर गेले. चारही रानांत खुंटीचा एक खड्डा नाही. परतताना रस्त्याकडेच्या विहिरीच्या पाण्यावरच्या रानांत गेले, तर किसनरावांच्या एकाच रानात खुंट्यांचे सोळा खड्डे, म्हणजे माळाचे चारही तुकडे तिथेच कापलेले. चार रानं सातची आणि चार तीनची, तर सरासरी पाच होते, हे मला न शिकताही कळतं.

कुणी धमकावलं असतं, लाच दिली असती, तर कदाचित माफ केलं असतं. तू फक्त माळ चढायचा कंटाळा केलास. कागदावर मात्र मी काढलेल्या चिठ्ठ्यांचेच नंबर लिहिलेस. तू तांड्याला फसवलंस माझ्या हाताने, याचा मला संताप येतो. तांड्यावरची लेकरं आता पातळ आंबिलीवर दिवस काढतात. घरातली दोन पोती मी तिकडे पाठवली आहेत, पण पारूबाई माझ्याशी बोलत नाही.

ती आठ चिठ्ठ्यांची पुरचुंडी तू पारावरच टाकून गेलास. मी कौतुकाने कुंकवाच्या डब्यात जपून ठेवली. धर्मसिंगने अर्ज केला आहे. येत्या सोमवारी तहसीलदार पारावर येणार आहेत आणि साक्षीला मला बोलावलंय. तुझी नोकरी जाईल, हे मला माहीत आहे. रविवारपर्यंत आलास तर पुरचुंडी तुझ्या हातात देईन, तू ती तहसीलदारांच्या हातात दे आणि त्यातल्या कोणत्या चार रानांत खड्डे नाहीत ते स्वतः सांग. नाही आलास, तर मी देईन.

तुझीच,
अक्का