बर्मी, टकटक करून पाहिलेला

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार. मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, म्हणजे बहुतेकदा.

इथल्या सुतारखान्यात नवा जोडीदार आलाय. म्हणाला, "मी बर्मी." आपल्या घरी बर्मी म्हणजे अव्वल सागवान. तुम्ही फळी ठोकून पाहता, तशी माझी बोटं सवयीने त्याच्या खांद्यावर टकटक करून गेली. तो हसला, "पोकळ नाही ना?" त्याची भाषाही बर्मीच. तो आईशी फोनवर बोलतो तेव्हा मला एक अक्षर कळत नाही, तरी बर्मी फळ्यांनी भरलेली आपली पडवी आठवते.

खोकला कसा आहे? ताई म्हणते, तुम्ही रंधा विकायला काढलाय. तेवढा ठेवा. मी येतोय, या वेळी शिकायला.

तुमचं अजून ओलंच लाकूड,
धाकटा