विसरू नये म्हणून

७ जानेवारी २०२५
लोणी काळभोरहून आज नारायण पेठेत आलो. दुसरा मजला, दोन खोल्या, खिडकीत भरपूर ऊन. हॉस्पिटल रिक्षाने दहा मिनिटांवर, म्हणून माझ्या स्तनाच्या कॅन्सरच्या सहा केमो होईपर्यंत माझा नवरा शकील आणि मी इथेच राहणार. घरमालकीण सुनीतीबाईंनी किल्ली देतानाच बजावलं, की जिना चपला ठेवण्यासाठी बांधलेला नाही. पाच मिनिटांनी त्याच चहा घेऊन वर आल्या. शकील म्हणाला, बाईंची जीभ कडू, चहा गोड. खूप दिवसांनी हसलो.

डॉक्टरबाई म्हणाल्या, या औषधांनी काही जणींची आठवण मंदावते, बहुतेकींची पुढे सुधारते. रोज लिहा, चाला, कोडी सोडवा, झोप मोडू नका. बावीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय मी. डोकं सांभाळणं मला जमेल.

२ फेब्रुवारी
दुसरी केमो होऊन तीन दिवस झाले. सकाळी तेवीसचा पाढा म्हणत होते. तेवीस पाचे एकशे पंधरा. पुढचं येईना. शकीलला विचारलं तर तो म्हणाला, मला तर तेवीस एके तेवीसच्या पुढे कधीच येत नव्हतं. मग दोघांनी मोबाइलवर बघितलं. तो हसला. मी नाही हसले.

२४ फेब्रुवारी
मेथी आणायला मंडईत गेले आणि बाहेर पडल्यावर घर कुठल्या बाजूला ते कळेना. एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. सुनीतीबाईंना दिसले म्हणून बरं. हाताला धरून घरी आणलं त्यांनी. वाटभर एकही टोमणा मारला नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

४ मार्च
कालच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, की सुहानाचा फोन आला होता आणि मी विचारलं, कोण सुहाना. माझी मुलगी. मला तो फोन आठवत नाही. ते लिहिलेलंही आठवत नाही.
पान फाडलं. शकीलने बघायला नको.

११ मार्च
मेंदूचा स्कॅन स्वच्छ आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, धीर धरा. कोडी सोडवते, चालते, लिहिते. सगळं करते. तरी रोज काहीतरी जातं. काय गेलं तेही —

२१ मार्च, सकाळ
चौथ्या केमोला आठ दिवस. ताप एकशे तीन. शकीलने हॉस्पिटलला फोन केला. पांढऱ्या पेशी उतरल्या असतील, थांबू नका, लगेच आणा, म्हणाले. तो रिक्षा आणायला खाली गेलाय. शब्द सरकताहेत —

थोड्या वेळाने
कडी लावलीय. बाहेर एक माणूस आहे. दार उघड म्हणतो, उशीर होतोय म्हणतो. माझं नाव त्याला कसं —
रडतोय. खालची बाईही आली. अहो उघडा, तुमचाच नवरा आहे, म्हणते. दोघं मिळालेली आहेत.
नाही उघडणार. शकील रिक्षा आणायला गेलाय. तो आला की —
थंडी वाजतेय.
दार हलतंय. टेबल लावलंय मी. शकील, लवकर ये, हा माणूस आत