लोकरीची टोपी आणि पेढे

आई, आज कामावर मला एक खोकं मिळालं. दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाय, म्हणून तुला लिहितोय.

मी आता द्राक्षाच्या पॅकहाऊसला हाय, कोल्डरूममध्ये पेट्या लावायला. बाहेर नाशिकची थंडी, आत त्याच्याहून जास्त, त्यामुळं आमचा उन्हाळा म्हणजे जेवणाची सुट्टी. ऑफिसच्या मॅडमनी नाताळला टूम काढली, सगळ्यांनी चिठ्ठ्या उचलायच्या, ज्याचं नाव निघेल त्याला गुपचूप भेट द्यायची. मला सुपरवायझर निघाला. मी खोक्यात खोकं, त्यात अजून खोकं घातलं आणि सगळ्यात आत एक बटाटा. आज जेवणाच्या सुट्टीत त्यानं ते उघडलं, सगळे लय हसले. तोपण हसला, मग म्हणाला, "आता ह्याचं उघडा रे, ह्यालापण कुणीतरी कांदा दिलाच असंल." मलाही तसंच वाटलं. तिथं कुणाचा असा जेवणाचा डबा नाय ज्यात मी कधी रबरी झुरळ सोडलं नाय. म्हणून लांब उभं राहून झाडूच्या दांड्यानं झाकण उडवायला लागलो. "बाँब नाय त्यात, मुडद्या, हातानं उघड!" द्राक्षाचे मणी निवडणारी मावशी ओरडली. तेव्हा कळलं, खोकं तिचं हाय.

मुडद्या. हा शब्द तुझा. पिठाच्या डब्यात मी रबरी पाल ठेवली की तू लाटणं घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत माझ्या मागं पळतेस, दमतेस, तिथंच कुणाच्या तरी ओट्यावर बसून हसतेस. मग म्हणतेस, "चल, भाकर खाऊन घे, मग मारते."

खोक्यात जाड स्वेटर, हातमोजे, कान झाकणारी लोकरीची टोपी आणि पेढे. मी काय बोलायच्या आत मावशीनं टोपी माझ्या डोक्यावर ओढली आणि पेढा तोंडात कोंबला. "एवढ्या गारठ्यात कान उघडे टाकून हिंडतो. आई ओरडत नाय का?" तिला माहीत नाय. सगळे टाळ्या वाजवतायत, मी पेढा गालात धरून.

तुझ्या दहाव्याला मामा नांदगावहून असाच टोपी आणि पेढे घेऊन आलेला. रामकुंडावरून घरी आल्यावर पोराच्या डोक्यावर टोपी घालायची, तोंड गोड करायचं, म्हणजे दुखवटा संपला, असं आत्या मला समजावत होती. मी विचारलं, "मग आई?" ती म्हणाली, "मग आता पुढं बघायचं, बाळा." मला पुढं बघायचं नव्हतं. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसलो. लोकांना वाटलं, ह्याची नेहमीची मस्ती. मामा हाका मारून दमला, शेवटी गाडी चुकंल म्हणून टोपी पिशवीत घालून परत गेला. तेव्हापासून माझ्यासाठी तो दहावा चालूच हाय. सणाला ताटात गोड आलं की मी उपास सांगतो, दाढ दुखते सांगतो, नायतर शेजारच्याच्या ताटात सरकवतो. पोरगं आगाऊ हाय म्हणतात. म्हणू दे. मी तोंड गोड केलं नाय तोवर तू पुरती गेलेली नाय, एवढंच मला ठाऊक.

आणि आज पेढा तोंडात. थुंकावा तर मावशी समोर उभी, तोंड बघतेय माझं. गिळला. वाटलेलं, आत काहीतरी तुटंल, रडू तरी येईल. काय झालं नाय. "कसा हाय?" तिनं विचारलं. "ब्येस," मी म्हणालो. सुट्टी संपली, आत गेलो, पेट्या लावल्या. कोल्डरूमचं दार लागलं की बाहेरचा आवाज बंद होतो, तसं दिवसभर होतं. कान मात्र गरम होते.

हे कुठं पाठवू? घडी करून उशीखाली ठेवतो. एकच सांगायचं राहिलं. पेढा गोड लागला गं. येताना बसमध्ये अजून एक खाल्ला, तो कुणी कोंबला नव्हता.