हार तिचा, हूक माझा

मी, खाली सही करणारी, दागिने घडवणारी आणि गावोगावच्या कलाप्रदर्शनांत टेबल मांडून ते विकणारी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. हृदयाबद्दल मात्र त्या तसं लिहून द्यायला तयार नाहीत, म्हणून ही घाई. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात तोंडी बऱ्याच जणांना बरंच काही देऊन आणि परत काढून घेऊन झालं आहे, ते सगळे रद्द समजावे.

१. माझ्या मालकीच्या दोन खोल्या आणि बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलाला मिळावी. मुलगा चांगला आहे. फक्त काकूचं नाव निघालं की त्याचा चेहरा जसा खुलतो, तसा माझ्या नावाने खुलत नाही. ही काकू म्हणजे माझी धाकटी जाऊ. यापुढे तिचा उल्लेख 'धाकटी' असा केला जाईल. तो बराच येणार आहे, त्याला माझा इलाज नाही.

२. सुनेकडे असलेला माझा चांदीचा हार तिच्याकडेच राहावा. तिच्या लग्नासाठी मी तो मुद्दाम घडवला होता. लग्नात तिने घातला धाकटीचा. "तुमचा नंतर घालीन ना, आई. मजबूत आहे, राहील," म्हणाली. ते 'नंतर' अजून उजाडलेलं नाही.

३. प्रदर्शनाला जायची गाडी दिराला मिळावी. दिराविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्याने लग्न केलं एवढंच.

ही गाडी माझे यजमान चालवत. टेबलं उतरवणं, मांडव बांधणं, संध्याकाळी आवराआवर करणं, सगळं त्यांनी विनातक्रार केलं. एकदा आवरताना धाकटीचा एक हार त्यांनी उचलून दिव्याखाली धरला आणि म्हणाले, "हिच्या हाताला काय नजर आहे!"

मी विचारलं, "आणि माझ्या?"

"तुझं काम मजबूत असतं."

मजबूत! बाई दागिने करते की कपाटं? त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, त्यांची आठवण येत नाही असा दिवस नाही, आणि आठवण आली की तो शब्दही येतो.

४. दोन घडीची टेबलं, निळी मखमल, मण्यांचे आणि खड्यांचे डबे, ऐरण, हातोड्या, पकडी आणि कानशी मुलाने विकल्या तरी चालतील. प्रदर्शनांमधली माझी जागा मात्र कोणी पुढे चालवू नये. ती जागा मला कधी आवडलीच नाही.

धाकटी लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला पकड कुठल्या बाजूने धरायची तेही माहीत नव्हतं. मी शिकवलं. वर्षभरात बाईसाहेबांनी स्वतःचं टेबल मांडलं. बरं, मांडलं तर मांडलं, पण आयोजक जागा वाटतात त्या आडनावांच्या यादीप्रमाणे, आणि आमचं आडनाव एकच. त्यामुळे गाव कुठलंही असो, माझ्या उजव्या हाताला धाकटी. डाव्या हाताला तसबिरींच्या चौकटी करणारे चौकटवाले, तेही यादीच्याच कृपेने. एका आयोजकाला मी सांगून पाहिलं, की मला दुसरीकडे बसवा.

"अहो, एका घरच्या तुम्ही! एकमेकींना बरं पडेल," तो म्हणाला.

खूप बरं पडलं! तिच्या टेबलापुढे ही गर्दी, आणि माझ्याकडे यायचे ते बाथरूम कुठे आहे हे विचारायला. मी खुर्ची डावीकडे वळवून बसायला लागले. तिच्या टेबलाकडे म्हणून बघायचं नाही, असं मी ठरवलं आणि पाळलं. सततच्या बसण्याने माझी मान डावीकडे वाकडी राहिली आहे. तिला पाण्यात पाहते असं कोणी म्हणेल. म्हणू दे. पाहतेच.

५. माझ्या टेबलावरचा पितळी चौकटीचा आरसा धाकटीला मिळावा. हे बक्षीस नाही. हा अहेर तोंडावर मारण्यासाठी आहे.

इतकी प्रदर्शनं केली, पण या बाईने कधी स्वतःचा आरसा आणला नाही. तिची गिऱ्हाइकं तिचा हार गळ्यात घालून माझ्याकडे यायची. "बाई, जरा आरसा बघू?" नाही कसं म्हणणार? मी आरसा सरळ धरायचा, आणि त्यांनी माझ्या दागिन्यांवर कोपर टेकून तिच्या हाराचं कौतुक करायचं. वर मलाच विचारायचं, "छान दिसतोय ना?" आणि छान दिसायचा हो, मेला! खोटं बोलायची सोय नव्हती. तेव्हा माझ्या मागे तरी तिने स्वतःचा आरसा ठेवायला शिकावे, म्हणून तो तिला.

६. हूक वळायची फळी. हे कलम नीट वाचावे.

लाकडाच्या या फळीवर मी खिळे ठोकले आहेत. त्यांच्याभोवती तार फिरवली की दुहेरी वेढ्याचा हूक तयार होतो. माझ्या हाराचा हूक आजवर एकदाही आपोआप सुटलेला नाही. धाकटीचे हार देखणे, पण हूक? तारेला नुसता एक बाक दिला की झाला तिचा हूक.

एकदा एक बाई तिचा हार हातात घेऊन माझ्याकडे आल्या. "तुमच्याकडूनच घेतला होता, पाटीवर हेच आडनाव होतं. हूक सुटतो सारखा." मी 'शेजारी जा' म्हणणार होते. मग मनात आलं, उद्या ही बाई चारचौघांत सांगणार की या आडनावाचे हूक सुटतात. माझे हूक! म्हणून मी तिथल्या तिथे माझा हूक बसवून दिला. पुढच्या प्रदर्शनात दुसरी आली. मग येतच राहिल्या. परिणाम काय, तर लोक म्हणायला लागले, धाकटीचं काम नाजूक असतं आणि शिवाय टिकतं. शिवाय टिकतं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण थांबणार कशी? थांबले तर आडनाव जातं, नाही थांबले तर तिचं नाव होतं.

नजर तिची, गर्दी तिची, माझ्या मुलाचं आणि सुनेचं कौतुकही तिचंच. तेवढा एक हूक माझा. तिने जन्मात एकदा चारचौघांत म्हणावं की ताईंचा हूक तो ताईंचा हूक, एवढंच मला हवं होतं. ती कधी म्हणाली नाही. आपल्या हारांना माझे हूक लागतात हे तिला माहीत आहे की नाही कोण जाणे, आणि मी होऊन विचारायची नाही. सबब ही फळी कोणालाही, आणि धाकटीला तर मुळीच देऊ नये. कुऱ्हाडीने फोडून टाकावी.

७. कपाटाच्या वरच्या कप्प्यात राखाडी स्वेटरच्या घडीत एक हार आहे. तो धाकटीचा आहे. चौकटवाल्यांकरवी मी तो विकत आणवला. तिने विचारलंच तर भाचीसाठी नेतो म्हणून सांगा, असं मी त्यांना पढवलं होतं. जन्मात त्यांनी एवढं एक गुपित राखलं आहे.

आणला तो पुरावा म्हणून. हूक कसा सुटतो हे कधीतरी तिच्या तोंडासमोर दाखवता यावं म्हणून. दरवर्षी मी तो काढून उजेडात बघते. हूक सोडला तर दुसरा दोष अजून सापडलेला नाही. शोधणं चालू आहे. त्याचा हूक मी मुद्दाम बदललेला नाही. बदलला असता तर त्या हारात नाव ठेवायला काहीच उरलं नसतं, आणि मग मी काय करायचं होतं?

मी गेल्यावर तो माझ्या गळ्यात घालावा आणि वरून त्याच स्वेटरचं गळ्यापर्यंत बटण लावावं. धाकटीला दिसता कामा नये.

सही करण्याआधीची जोड

सह्यांसाठी चौकटवाले आणि डॉक्टरीणबाई आलेले असताना धाकटी चहा घेऊन आली. मी आजारी पडल्यापासून ती न बोलावता रोज येते. कागद बघून म्हणाली, "साक्षीला मी सही करू का, ताई?"

मी म्हटलं, "तुला चालत नाही."

"का बरं?"

"ज्याला काही मिळायचं असतं त्याने साक्षीला सही करायची नसते. वकिलांनी बजावून ठेवलंय."

ती हातातला ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. "मला? मला काय देताय तुम्ही?"

"आरसा. आता तरी स्वतःचा आरसा ठेव."

"आरसा आहे की माझ्याकडे," ती म्हणाली. "पहिल्या प्रदर्शनापासून आहे. टेबलाखालच्या पेटीत असतो."

"मग बाहेर का नाही काढलास?"

"काढला असता, तर तुम्ही माझा एक तरी हार बघितला असता का?"

चौकटवाले छताकडे बघायला लागले. मग मी उठून कपाट उघडलं आणि स्वेटरमधला हार तिच्या हातात दिला. तिने तो लगेच ओळखला आणि चौकटवाल्यांकडे वळली. "हा तुम्ही भाचीसाठी नेला होतात ना?"

"मला भाची नाही," ते म्हणाले.

तिने तो माझ्या गळ्यात घातला. मागे बराच वेळ खटपट केली. "ताई, हूक सुटतोय."

"सुटणारच. तुझा आहे. फळी टेबलावर आहे, बदल."

ती माझ्या स्टुलावर बसली. माझ्या फळीवर पहिली तार वाकडी गेली. दुसरी तुटली. तिसऱ्यांदा हूक झाला. तिने तो हाराला लावला, हार मला घातला आणि पितळी आरसा माझ्यासमोर सरळ धरला. हार मला शोभत होता. त्याचंही श्रेय तिलाच. मग ती डोळे पुसत म्हणाली, "ताई, तुमच्या हुकाची सर नाही याला."

सबब कलम ६ आणि ७ रद्द. फळी धाकटीला मिळावी, तिला सरावाची गरज आहे. हार माझ्या गळ्यात आहे, तेव्हा तो वाटणीत धरू नये. कलम ५ मधला आरसा तिलाच राहील, पण तो टेबलावर ठेवावा, पेटीत नव्हे. ती दोनदा चुकली याचं मला फार बरं वाटलं, हेही नोंदवून ठेवते.

हुकाबद्दलचं तिचं वरचं वाक्य दोन्ही साक्षीदारांनी समक्ष ऐकलं आहे. त्यांच्या सह्या मृत्युपत्राइतक्याच त्या वाक्यालाही लागू आहेत.

लिहून देणार: थोरली जाऊ (सही)

साक्षीदार १: चौकटवाले (सही). ऐकले.

साक्षीदार २: डॉक्टरीणबाई (सही). ऐकले. रुग्णाने आता पडून राहावे.

ठिकाण: राहती खोली, कामाच्या टेबलाशी
दिनांक: प्रदर्शनांचा मोसम सुरू होण्याच्या आधीचा रविवार