अर्धं आटवलेलं पाणी

४ मार्च, संध्याकाळी
पाणी तपासणारी बाई आली. हापशाचं पाणी बाटलीत घेतलं, दोन पुड्या टाकल्या, झाकणाला कागदाचा तुकडा लावला. कागद पिवळा होत होत तपकिरी झाला. म्हणाली, आर्सेनिक आहे, म्हणजे सोमल. जमिनीच्या थरातूनच पाण्यात उतरतं, कुणाचा दोष नाही. पण वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कातडी, लिव्हर, काही सोडत नाही. गर्भार बाईने तर थेंब घेऊ नये. मग हापशाला लाल रंग फासला. घासणं नाही, प्रायमर नाही, खाली ओघळ. उभा जन्म बोर्ड रंगवण्यात गेला, असं काम बघवत नाही. तिच्या ब्रशकडे बघताना उकळण्याबद्दल ती काय म्हणाली ते निसटलं. उकळायलाच सांगितलं असणार. दुसरं काय सांगणार?

हापसा वडिलांच्या नावाचा. नावाची अक्षरं मीच काढलेली. अख्खी गल्ली पिते. पाणी काचेसारखं. विष असतं तर दिसलं नसतं?

५ मार्च
गल्ली शिंप्याच्या हापशावर. त्याचं पाणी गढूळ, लोखंडाचा वास, आणि त्याला हिरवा रंग! शिंपी दारातच उभा होता. म्हणाला, काय पेंटर, आज सिग्नल लाल का? कुणाबद्दल मनात राग धरायचा नाही, असा संकल्प.

सूनबाईला सातवा महिना. मुलगा परगावी कामाला, म्हणजे जबाबदारी माझी. ती म्हणाली, बाबा, शिंपीकाकांकडून एक कळशी आणते. म्हटलं, आपलं नातवंड लोकांच्या दारच्या पाण्यावर वाढणार नाही.

रात्री संकल्प मोडला. मनातल्या मनात शिंप्याला दोन शिव्या. देवापुढे माफी मागितली.

७ मार्च
उपाय सापडला! काढा अर्धा आटवला की गुण येतो, मग पाण्याला का येणार नाही? आगीपुढे सोमल किती तग धरेल? पातेलं काठोकाठ भरायचं, निम्मं होईपर्यंत आटवायचं. दुकानातली लाकडी फूटपट्टी धुऊन आणली. ती बुडवून मोजतो. अंदाजपंचे काम नको.

हिला समजावून सांगितलं. ही 'बरं' म्हणाली. हिचं हे चांगलं आहे, फाटे फोडत नाही.

१२ मार्च
पद्धत बसली. निवल्यावर मी स्वतः दोन पेले भरतो, एक सूनबाईला, एक हिला. सूनबाई पेला घेऊन आत जाते, रिकामा आणून देते. पटलं तिला. उरलेलं दिवसभर ही पिते. मला आटवलेलं घशाखाली उतरत नाही. मी साधंच पितो. पेंटरचं पोट, टर्पेंटाइनच्या वासावर पोसलेलं.

गॅस लवकर संपला. चांगल्या कामात अडथळे यायचेच.

हिच्या हातांच्या तळव्यांवर बरेच महिने कडक दाणे आहेत, ते वाढलेत. तांदळाच्या कणीएवढे. भांड्यांची पावडर बदलून आणली.

१९ मार्च
रविवार. हापशाचा लाल रंग खरवडला, प्रायमर मारला, वर निळ्याचे दोन हात. आता बघवतो. कुणी पाणी भरायला आलं नाही. रंग ओला म्हणून असेल.

शिंपी म्हणाला, पेंटर, कळशी पाठवा, तुम्हाला रांग नको, तुमची आधी भरतो. किती गोड बोलतात लोक जखमेवर मीठ चोळताना!

२ एप्रिल
ती बाई उद्या पुन्हा येणार. आटवलेलं पाणी बाटलीत भरून तयार ठेवलंय. निकाल आला की पद्धत गल्लीला फुकट सांगायची. मनात बोर्डसुद्धा तयार आहे: 'अर्धं आटवा, निर्धास्त प्या.' पिवळ्यावर काळं. शिंप्यालाही सांगेन. मन मोठं ठेवायचं.

३ एप्रिल
दोन बाटल्या शेजारी ठेवल्या. साध्या पाण्याचा कागद तपकिरी. माझा त्याहून कितीतरी गडद.

म्हटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. तिने पुन्हा केलं. तेच. म्हणाली, काका, वाफ होऊन पाणी जातं, आर्सेनिक जात नाही, ते उरलेल्या पाण्यात घट्ट होत राहतं. उकळू नका असं मी तेव्हाच सांगितलं होतं.

मागून सूनबाई म्हणाली, बाबा, रागावू नका. मी तुमचा पेला मोरीत ओतायचे. शिंपीकाकांकडचं प्यायचे.

मी रागावलो नाही. सुनेने ऐकलं नाही म्हणून देवाला हात जोडले. जोडलेले हात तसेच राहिले. सून दुसरीकडचं प्यायची. मी साधं. मग रोजचं पातेलं कोण संपवत होतं?

बाईने हिचे तळवे उजेडात उलटसुलट करून पाहिले. म्हणाली, पावडरचं नाही हे. उद्याच मोठ्या दवाखान्यात न्या.

ती गेल्यावर हिला विचारलं, चव तरी वेगळी लागली असेल, बोलली का नाहीस?

ही म्हणाली, खारट लागायचं. पण तुम्ही ती फूटपट्टी बुडवून इतकं मन लावून बघायचात. म्हटलं, ह्यांना बरं वाटतंय तर वाटू दे.

मला घरात बसवेना. तसाच उठलो, चपला न घालता शिंप्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, हिच्यासाठी पाणी हवंय.

तो मशीनवरून उठून हापशाशी आला. दांडा धरला, माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. हळूच म्हणाला, पेंटर, कशात नेणार?